गुगल ड्राइव्हवरून वनड्राइव्हवर फाइली नेताना मूळ तारखा टिकतील का?

हो, टिकतील, फक्त ब्राउझरने डाउनलोड-अपलोड करू नका, आरक्लोन (rclone) या कमांडने चालणाऱ्या फाइल-कॉपी प्रोग्रामने थेट कॉपी करा. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला सहसा डाउनलोडचीच वेळ चिकटते. आरक्लोन 'शेवटचा बदल' ही तारीख आपणहून जपतं. फाइल मूळ कधी तयार झाली तेही हवं असेल, तर कमांडला दोन डॅशसह 'मेटाडेटा' (--metadata) हा पर्याय जोडा. दोन्ही सेवा ती तारीख स्वीकारतात. फोटोंची काळजी नको, कॅमेऱ्याची तारीख फाइलच्या आतच असते. मात्र गुगल डॉक्स वर्ड फाइल होऊन जातात आणि त्यांचा आवृत्ती-इतिहास मागेच राहतो. आधी एखादं लहान फोल्डर नेऊन आरक्लोनच्या 'एलएसएल' (lsl) या यादी दाखवणाऱ्या कमांडने दोन्हीकडच्या 'शेवटचा बदल' तारखा ताडून बघा, मूळ फाइली त्यानंतरच पुसा.