कबुतराच्या पिसांतली चपटी माशी

कबुतराच्या पिसांत दिसलेला चपटा, पंखवाला किडा ऊ आहे का, असे तुम्ही विचारलेत. पिसांतून खेकड्यासारखी आडवी पळाली म्हणता, म्हणजे ती ऊ नव्हे. उवेला पंख नसतात. ही हिप्पोबॉसिडी कुळातली रक्त पिणारी माशी. कबुतरावर बहुधा तिची स्यूडोलिंकिया कॅनॅरिएन्सिस ही जात सापडते, पण नुसत्या पक्ष्यावरून नाव ठरवू नका, काही जाती अनेक पक्ष्यांवर राहतात. जखमी पक्ष्याला फार वेळ हातात धरू नका, ही माझी कळकळीची विनंती. माशी मिळाली की भिंगातून डोक्याचा माथा बघा: तीन बारीक साधे डोळे दिसले तर ऑर्निथोमाया या त्याच कुळातल्या दुसऱ्या माशीचा विचार करा, स्यूडोलिंकियात ते नसतात. मग पंखांच्या शिरा. अळी शोधू नका, मादी ती पोटातच वाढवते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा. आत पक्ष्याचे नाव, ठिकाण, तारीख यांची चिठ्ठी टाका, पेन्सिलीनेच लिहिलेली. पेनाची शाई विरघळते.