परदेशी मेंटॉर आपल्यावर नाराज आहेत का?

‘आमचे परदेशी मेंटॉर (मार्गदर्शक) मोजकेच बोलतात, कौतुक तर करतच नाहीत, त्यांना आम्ही नकोसे झालो आहोत का?’ हा प्रश्न बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणांकडून मला वारंवार ऐकायला मिळतो. गोरेगावच्या एका कार्यालयात काम करणाऱ्या, बोरिवलीच्या एका तरुणीची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

तिचे मेंटॉर नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमचे होते. त्यांचा एक मेल तिने मला मोबाइलवर दाखवला. त्यात ना अभिवादन होते, ना विचारपूस; ‘सादरीकरणाचा उत्तरार्ध पटला नाही. पुढच्या वेळी कशावर बोलायचे ते कळवा,’ एवढाच मजकूर होता. त्याखाली तिचे उत्तर होते, ‘नोटेड. थँक यू सो मच, सर.’ पुढच्या बैठकीत दोघेही बराच वेळ गप्प राहिले आणि बैठक लवकरच आटोपली. ‘मॅडम, आता ते मॅनेजरना काही बोलले, तर माझे प्रमोशन गेलेच म्हणून समजा,’ असे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि आपण मान खाली घालून ऐकावे, हे आपल्याकडे घरापासून अंगवळणी पडलेले असते. विषय काय असावा हे शिकणाऱ्यानेच ठरवावे, अशी त्या मेंटॉरची अपेक्षा होती; त्यामुळे जो मेल तिला फटकारल्यासारखा वाटला, तो त्यांच्या दृष्टीने साधी चौकशी होती. डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात गोळा झालेल्या उत्तरांच्या आधारे, वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, याचा निर्देशांक मांडला. त्यात भारताचा आकडा ७७, तर नेदरलँड्सचा ३८ आहे. अर्थात ही देशांची सरासरी आहे, आणि ती समोरच्या माणसाच्या कपाळावर चिकटवण्याची घाई मला पसंत नाही. एखादा डच माणूस मुळात अबोलही असू शकतो.

म्हणून अंदाज बांधण्याऐवजी विचारून घ्यायचे ठरले. मेंटॉरचा वार्षिक मूल्यमापनात सहभाग असतो का, हे तिने आधी एचआरकडून जाणून घेतले. तो नसतो हे कळल्यावर निम्मी भीती ओसरली. मग आम्ही मेंटॉरना पाठवायचे टिपण तयार केले. पहिल्या मसुद्यात ‘आपण जे सुचवाल ते मला मान्य असेल’ असे वाक्य होते. ते मी काढायला लावले, कारण त्याने सगळा भार पुन्हा त्यांच्याच खांद्यावर जात होता. त्याऐवजी सादरीकरण नेमके कुठे अडले, स्वतःला त्याचे कारण काय वाटते आणि कोणत्या एका मुद्द्यावर त्यांचे मत हवे आहे, एवढेच तिने लिहिले.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट उघड झाली. बैठक त्यांच्या दुपारी चारला, म्हणजे हिवाळ्यात आपल्या रात्री साडेआठला असे. लोकलची गर्दी कापून घरी पोहोचलेली ही मुलगी कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीचा आवाज चालू असलेल्या खोलीत, कॅमेरा बंद ठेवून बसत असे. वेळ बदलून मागणे म्हणजे कुरकुर, असे तिला वाटे. आणि तिच्या बंद कॅमेऱ्याचे कारण त्यांना कधी कळलेच नव्हते. टिपणात तिने हेही स्पष्ट लिहिले.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. ‘थँक यू’वरून विषय संपला असे त्यांना वाटले होते, आणि कॅमेरा बंद असल्याने तिला या बैठकांत रस नसावा असाही समज झाला होता, असे त्यांनी मोकळेपणाने कळवले आणि बैठक नेदरलँड्सच्या सकाळी, म्हणजे मुंबईच्या दुपारी, घेण्याचे मान्य केले. सूर मात्र तसाच कोरडा राहिला, आणि तो बदलावा असा आग्रह तिनेही धरला नाही.

अडचण आता निराळीच आहे. ती मेंटॉरशी मोकळेपणाने बोलू लागल्यावर मुंबईतल्या मॅनेजरना आपल्याला डावलले जात असल्याची शंका येऊ लागली. त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे. तूर्त बैठकीत कोणता विषय निघणार आहे, हे ती आदल्या दिवशी मॅनेजरच्या कानावर घालते.