पानात उरलं तर उरू दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा मुलगा सव्वा वर्षाचा झाला, आणि दिवसभरात आपलं काय काय चुकलं याची उजळणी केल्याशिवाय तुला झोप येत नाही, असं लिहिलं आहेस. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी मुळात तुझ्या हातातल्याच नाहीत.

जेवणच घे. आईची परीक्षा घराघरांत तिथेच घेतली जाते. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा सुमारे तिप्पट होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र ते जेमतेम 2 ते 2.5 किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. नेमकं तेव्हाच आईला वाटतं की हा आपल्या हातचं खात नाही. मग मोबाइल लावून, मागे धावून भरवणं सुरू होतं आणि पोट भरल्याची स्वतःची खूण मुलाला ओळखू येईनाशी होते.

काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे तू ठरव. किती खायचं, हे त्याला ठरवू दे. दिवसाला तीन-चार जेवणं, मध्ये एक-दोनदा खाऊ आणि दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, भाजीत कुस्करलेली पोळी, अंडं, घरात होतं तेच. आधी दोन-तीन चमचेच वाढ, मागितलं तर आणखी. या वयाला एका वेळी 250 मिलीची पाऊण ते एक वाटी सांगतात. पण तो अंदाज आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. वीस-पंचवीस मिनिटांत त्याने तोंड फिरवलं की ताटली उचल, काही न बोलता. पहिले काही दिवस तो खरंच कमी खाईल. तिथेच धीर सुटतो, हातात बिस्किट किंवा दुधाची बाटली दिली जाते आणि पुढच्या जेवणाची भूक मरते. वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेव. त्याहून जास्त झालं तर पोट दुधानेच भरतं आणि लोह कमी पडतं. दुधी भोपळा थुंकला म्हणून तो आवडत नाही असं ठरवू नकोस. नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती पानात यावी लागते.

'बारीक दिसतोय' असं कुणी म्हणालं, की माता-बाल संरक्षण कार्डातला वजनाचा आलेख बघ. रेषा खालच्या बाजूला असली तरी आपल्या वळणाने वर जात असेल तर ठीक आहे. दोन-तीन महिने ती आडवीच राहिली किंवा खाली वळली, तर डॉक्टरांना दाखव.

आता तू त्याच्यावर ओरडतेस, त्याबद्दल. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आई आणि तान्हं बाळ समोरासमोर असताना काय घडतं ते क्षणाक्षणाने तपासलं. ज्यांचं छान जमतं अशा मायलेकरांचेही सूर सुमारे 30 टक्केच वेळ जुळलेले होते. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. बिघडलेलं सुधारता येतं, हे बाळ त्या पुन्हा जुळण्यातूनच शिकतं. म्हणून ओरडलीस की नंतर काय करतेस याला फार महत्त्व आहे. राग अनावर झाला तर त्याला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाजूला हो; गदागदा हलवू मात्र कधीही नकोस. शांत झालीस की त्याच्यासमोर खाली बस आणि एवढंच म्हण, "आई ओरडली. तू घाबरलास. आईचं चुकलं." पुढे 'पण तूच ऐकत नव्हतास' जोडलंस की ती माफी राहत नाही. भरपाई म्हणून चॉकलेटही देऊ नकोस. जवळ घे, पुरे.

बाबांनी त्याला शर्ट उलटा घातला, भरवताना भात सांडला, तर घालू दे, सांडू दे. शेजारी उभी राहून सूचना देत राहिलीस तर नवरा हळूहळू अंग काढून घेईल आणि सगळा भार पुन्हा तुझ्यावर येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ त्या दोघांवर घर सोडून बाहेर पड.

काटेकोरपणा लसींच्या तारखांना, भरलेल्या बादलीला, गॅसजवळच्या गरम भांड्यांना, घशात अडकणारे अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि द्राक्षं यांना लाव. तिथे अजिबात ढिलाई नको.

आणि हे नीट वाच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते कमी पडणं नव्हे, आजार असू शकतो, आणि तो उपचाराने बरा होतो. डॉक्टरांना भेट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. 'मी नसले तरच याचं भलं होईल' असं मनात आलं, तर त्याच घटकेला नवऱ्याला किंवा आईला सांग आणि एकटी राहू नकोस.

तुझी,
मावशी