कॅमेऱ्याकडे न बघणारं मूल आणि ब्लूबॉनेटचा फोटो

टेक्सासमध्ये मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ब्लूबॉनेटला बहर असतो, आणि मुलांना त्या निळ्या फुलांत बसवून फोटो काढणं हा तिथला जुना रिवाज. ऑस्टिनच्या एका मराठी आईची काळजी त्यातूनच आली. मुलगा अडीच वर्षांचा. "बसवला की किंचाळतो, कॅमेऱ्याकडे बघतच नाही. सासूबाई नाशिकहून रोज विचारतात, फोटो कुठंय? याला ऑटिझम तर नसेल ना?"

शेवटचा प्रश्न आधी घेतला. नुसतं कॅमेऱ्याकडे न बघणं हे ऑटिझमचं लक्षण नाही. हाक मारली की वळतो का, विमान दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे बघतो का, बाहुलीला खोटाखोटा चहा पाजतो का, हे पाहायचं. हा मुलगा तिन्ही करत होता. 18 आणि 24 महिन्यांच्या तपासणीतली ऑटिझमची प्रश्नावलीही ठीक आली होती. यातली एखादी गोष्ट दिसत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग त्या संध्याकाळची उजळणी केली. सातची वेळ, पोटात भूक. जरीकाठाचा टोचणारा कुर्ता. डोळ्यांवर ऊन, बसल्यावर छातीपर्यंत येणारी झाडं, कानाशी मधमाश्या. आई लांब गेलेली आणि तिघं मोठे एकदम ओरडतायत, "इकडे बघ!" रडणं अगदी रास्त होतं.

आता सकाळी आठला जायचं, खाऊन झाल्यावर. हायवेच्या कडेला नको, उद्यानात जा. फुलं तुडवू नका: झाड वर्षायू (एकच हंगाम जगणारं) आहे, बी धरण्याआधी मोडलं तर पुढच्या वर्षीचं पीकही गेलं. मधली मोकळी जागा शोधा. तिथे बसण्याआधी माती नीट बघा. फायर अँट्सचं (आग होईल असं चावणाऱ्या लाल मुंग्यांचं) वारूळ भुसभुशीत ढिगासारखं दिसतं, पाय पडला की शेकड्यांनी चढतात आणि चावल्यावर पुटकुळ्या येतात. मोजे, बंद बूट, जुना सवयीचा पिवळा किंवा पांढरा सुती शर्ट. निळा फुलांत हरवतो. शेंगा तोंडात जाऊ देऊ नका, बिया विषारी असतात.

आईने मांडी घालून बसायचं, मूल मांडीवर. त्याच्या हातात खेळायला वाटी-चमचा. बाबांनी दोन-तीन मीटरवर जवळजवळ पालथं पडायचं, फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, झूम 2x. पुढची-मागची फुलं एकमेकांवर येऊन विरळ ताटवाही दाट दिसतो. सूर्य मुलाच्या पाठीमागे ठेवायचा, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवायचा आणि बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) चालू. हाक कुणीच मारायची नाही. पंधरा मिनिटं पुरेत, आणि खरं रडू आलं तर वेळ संपण्याआधीच आवरायचं.

सासूबाईंशी बोलायचं काम मात्र नवऱ्याकडे दिलं. "आई, तो फुलं बघतोय तोच फोटो पाठवतो, हसायला लावणार नाही," एवढं त्याने फोनवर आधीच सांगायचं. सुनेवरचा रोजचा तगादा तिथेच थांबायला हवा होता, कारण मुलावर येणारा ताण तिथून सुरू होत होता.