विशेष शिक्षिका व्हायचंय, मग भूगर्भशास्त्र कशाला?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून येणारी एक शंका: "मुलीला स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका व्हायचंय. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं घालवल्यावर कॅल स्टेटने निम्मे विषय धरलेच नाहीत तर?" इथे पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून पुढे कॅल स्टेट या राज्य विद्यापीठात बदली, म्हणजे ट्रान्सफर, घेता येते. आमच्याकडे सल्ल्याला आलेली, पुढच्या केसमधली मुलगी एकोणीस वर्षांची. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पहिलं सत्र संपवून ती आईबरोबर आली तेव्हा हातात १४ युनिट, म्हणजे श्रेयांक, होती: इंग्रजी लेखन ३, मानसशास्त्राची ओळख ३, 'विशेष गरजा असलेली मुलं' हा विषय ३ आणि अमेरिकन साइन लँग्वेज ५. दुसऱ्या सत्रासाठी तिने काढलेल्या यादीत ऑटिझम, वर्तन-मार्गदर्शन आणि साइन लँग्वेजचा पुढचा भाग होता. गणित 'नंतर बघू'मध्ये. भाषणाचा विषय तर यादीतच नव्हता, कारण चारचौघांत बोलायची तिला धास्ती.

ही यादी मनापासून केलेली होती, पण उलट्या टोकाने. नावात 'विशेष' असलेला विषय घेतला की पदवीच्या जवळ गेलो, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते प्रशिक्षण अप्पर डिव्हिजनला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी आणि क्रेडेन्शियलच्या, म्हणजे शिकवायच्या परवान्याच्या, अभ्यासक्रमात मिळतं. कम्युनिटी कॉलेजातला त्याच नावाचा विषय कॅल स्टेटच्या अप्पर डिव्हिजनच्या विषयाची जागा घेत नाही. ऐच्छिक युनिट म्हणून जमा होतो, एवढंच. पहिली दोन वर्षं असतात वाचन, गणित, विज्ञान, इतिहासाची. सौम्य ते मध्यम गरजांच्या मुलांची शिक्षिका अपूर्णांकही शिकवते आणि ज्वालामुखीही. सगळ्या विषयांचा पाया राज्य तिच्याकडून आधी मागतं, तो यासाठी.

म्हणून पहिला प्रश्न विचारला तो विषयांचा नव्हे, मुलांचा. कोणत्या वयाची, कोणत्या गरजेची मुलं? कॅलिफोर्नियात क्रेडेन्शियल वेगवेगळी आहेत. 'सौम्य ते मध्यम' आणि 'व्यापक' गरजांची दोन्ही बालवाडीपासून वयाच्या २२ वर्षांपर्यंत चालतात. जन्मापासून बालवाडीपर्यंतचं वेगळं आहे, आणि तिकडे जायचं तर बालशिक्षणाचे विषय आधीपासून जास्त लागतात. कर्णबधिर मुलांसाठी कॅल स्टेट नॉर्थरिज किंवा फ्रेस्नो, दृष्टिबाधित मुलांसाठी सॅन फ्रान्सिस्को स्टेट किंवा कॅल स्टेट लॉस एंजेलिस. तिथे कॅम्पसची निवडच आधी करावी लागते. साइन लँग्वेजमुळे आईला वाटत होतं की लेक कर्णबधिर शाळेत जाणार. मुलीला हवी होती प्राथमिक शाळेतली, वाचनात अडखळणारी मुलं. साइन लँग्वेज तिची आवड होती, नियोजनाचा भाग नव्हती.

हे ठरल्यावर रस्ता बराच सरळ झाला: कम्युनिटी कॉलेजातून 'एलिमेंटरी टीचर एज्युकेशन'ची ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची असोसिएट पदवी, पुढे कॅल स्टेटमध्ये लिबरल स्टडीज, म्हणजे सगळ्या शालेय विषयांची मिळून पदवी. या असोसिएट पदवीने कॅल स्टेटमध्ये कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते. ठरावीक कॅम्पसची मिळत नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं. वडिलांचा आग्रह मानसशास्त्राच्या पदवीचा, 'दुसरा पर्याय हाताशी असावा' म्हणून. तेही चालतं, पण मग शालेय विषयांचं ज्ञान सी-सेट या राज्याच्या शिक्षक-परीक्षेने किंवा विषय जुळवून वेगळं सिद्ध करावं लागतं. लिबरल स्टडीजची पदवी असली की २०२१च्या कायद्याप्रमाणे तीच पुरावा धरतात. मुलीचा कल पक्का असेल तर आमचा कौल लिबरल स्टडीजला.

मग कॉलेज आणि विद्यापीठांमधले करार दाखवणारं असिस्ट डॉट ऑर्ग उघडून बसलो. तिचं कॉलेज, कॅल स्टेटचा हवा तो कॅम्पस आणि शैक्षणिक वर्ष निवडलं. कोणता विषय कशाच्या बदली धरतात याचा करार तिथे ओळीओळीने दिसतो. मैत्रिणीच्या कॉलेजात धरला म्हणून आपल्याकडेही धरतील, असं नसतं. बालसाहित्य हा नेहमीचा फसवा विषय: काही कॅम्पस तो लोअर डिव्हिजनला, म्हणजे पहिल्या दोन वर्षांत, घेतात, काहींना अप्पर डिव्हिजनचाच हवा असतो. बालविकासाचंही तसंच. 'जन्म ते मृत्यू' असा मानसशास्त्राचा विकासविषय त्याच्या जागी चालेल असं धरून मुलं बसतात, आणि करारात भलताच क्रमांक निघतो.

सामान्य शिक्षणासाठी, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या पायाभूत विषयांसाठी, २०२५च्या फॉल (ऑगस्टच्या) सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना कॅल-गेटसी हा एकच साचा आहे: ११ विषय, ३४ युनिट. तिच्या १४ पैकी त्यात बसली फक्त ६, इंग्रजी आणि मानसशास्त्र. साइन लँग्वेज आणि विशेष गरजांची ८ युनिट ऐच्छिकात गेली. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर फी, म्हणजे ३६८ डॉलर. आईचा चेहरा पडला. पण ही युनिट ट्रान्सफरमध्ये मोजली जातातच, फक्त कुठली सक्तीची जागा भरत नाहीत.

उरलेली ५२ अशी मांडली. दुसऱ्या सत्रात भाषण ३, चिकित्सक विचार ३, संख्याशास्त्र ४, बालविकास ३, अमेरिकेचा इतिहास ३. उन्हाळ्यात एथ्निक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास) आणि अमेरिकन शासनव्यवस्था, प्रत्येकी ३. तिसऱ्यात जीवशास्त्र प्रयोगशाळेसह ४, शिक्षकांसाठीचं गणित ३, अध्यापनाची ओळख ३, जगाचा भूगोल ३, जगाचा इतिहास ३. चौथ्यात भूविज्ञान ४, भौतिक विज्ञान ४, साहित्य ३, कला ३. एकूण ६६. असोसिएट पदवीला लागणाऱ्या साठापेक्षा ६ जास्त, पण दोन वर्षांच्या कॉलेजातून कॅल स्टेट ७०पर्यंत मोजते, त्यामुळे एकही युनिट मर्यादेबाहेर पडत नाही.

भाषण इतक्या लवकर का? इंग्रजी लेखन, भाषण, चिकित्सक विचार आणि गणित या चौघांना 'गोल्डन फोर' म्हणतात. फॉलला प्रवेश हवा तर हे चारही त्याआधीच्या स्प्रिंग सत्राअखेर पुरे लागतात, किमान सी-मायनस ग्रेडने. आणि इथेच पाय घसरतो: सी-मायनसवर प्रवेशाची अट भागते, पण कॅल-गेटसीला प्रत्येक विषयात पूर्ण सी लागतो. भीतीचा विषय शेवटच्या सत्रात ठेवला आणि एकदा हुकला की अख्खं वर्ष लांबतं. दुसऱ्या सत्रात हुकला तर पुन्हा घ्यायला उन्हाळा असतो. ऑक्टोबरमध्ये अर्ज खुला होईल तेव्हा चारही ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर असतील, हा दुसरा फायदा.

दोन गणितं बघून वडिलांनी भुवया उंचावल्या. शिक्षकांसाठीचं गणित, म्हणजे भागाकाराची रीत का चालते इथपासूनचं, हे असोसिएट पदवीसाठी आहे. त्याने कॅल-गेटसीच्या गणिताची जागाही भरेल असं गृहीत धरू नये. कॉलेजच्या मंजूर यादीत त्याचा क्रमांक नसेल तर संख्याशास्त्र लागतंच. दोन प्रयोगशाळा एकाच सत्रात आल्या ही या नियोजनातली कमकुवत बाजू. एखादं विज्ञान दुसऱ्या उन्हाळ्यात ढकललं तर ट्रान्सफरच्या तोंडावर निकालाची धावपळ होते, म्हणून तसंच ठेवलं.

अध्यापनाच्या ओळखीत सरकारी प्राथमिक शाळेच्या वर्गात ४५ तास निरीक्षण असतं. पंधरा आठवड्यांत आठवड्याला तीन तास, ऐकायला सोपं. पण क्षयरोगाची तपासणी आणि शाळेने मागितल्यास बोटांचे ठसे झाल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवता येत नाही, आणि सत्राचे पहिले दोन-तीन आठवडे त्यातच जातात. मग शेवटी आठवड्याला पाच-पाच तास भरायची वेळ येते. तपासणी सत्र सुरू होण्याआधी उरकायची, आणि त्या वेळापत्रकात एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवायची. शाळा संध्याकाळी उघड्या नसतात.

जाता जाता आईने स्वतःचं विचारलं. पुण्याची बी.कॉम. आहे, मीही हेच विषय घेऊ का? नाही, इतक्यात नाही. भारतातली पदवी असेल तर आधी राज्याच्या क्रेडेन्शियल आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडून गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यायचं. पदवी इथल्या बॅचलरच्या बरोबरीची ठरली तर लोअर डिव्हिजनची दोन वर्षं लागतच नाहीत; मुख्यतः क्रेडेन्शियलचा अभ्यासक्रम आणि विषयज्ञानाचा पुरावा उरतो. आधी कॉलेजात नाव घालून मग मूल्यांकन करणाऱ्या ताई बऱ्याच भेटतात.

मुलीला शेवटी एकच हवं होतं, विशेष मुलांबरोबर लवकर काम. तिसऱ्या सत्राअखेर तिची ५२ युनिट होतात. बऱ्याच शाळाजिल्ह्यांत वर्गसाहाय्यकासाठी ४८ युनिट, असोसिएट पदवी किंवा जिल्ह्याची परीक्षा, यांपैकी एक पुरतं. तेव्हा जानेवारीत तिने आपल्या जिल्ह्याच्या रिसोर्स वर्गातल्या, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांना जादा मदत देणाऱ्या वर्गातल्या, अर्धवेळ जागेसाठी अर्ज करायचा, असं ठरलं.