चिकलठाणा ते मुंबई विमानाने किती अंतर, किती वेळ?

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 280 किलोमीटर. वेळापत्रकात तासाभराचा प्रवास दिसतो, पण थेट उड्डाणाला पाऊण तासच लागतो. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि मुंबईच्या गर्दीत उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालण्यात जातो. म्हणून मुंबईहून पुढचं विमान असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवाच, परदेशी जायचं असेल तर त्याहून जास्त.

जालन्याहून येणाऱ्यांना शहरात शिरावं लागत नाही, विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. मात्र आई-वडील पहिल्यांदाच विमानात बसणार असतील तर दोन तास आधी पोहोचवा, त्यांची धावपळ होऊ देऊ नका. आणि हो, खिडकीची जागा त्यांनाच द्या, पावसाळ्यानंतर सह्याद्री वरून फार सुंदर दिसतो.