औषध ठाऊक आहे, मग पोचत का नाही?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात मी अल्प उत्पन्न गटातल्या देशांमधल्या बालमृत्यूंवर लिहिलं होतं. जागतिक बँक ज्यांना या गटात धरते, त्या देशांत माणशी वार्षिक उत्पन्न साधारण ११०० डॉलर किंवा त्याहून कमी असतं, आणि त्यातले बहुतेक देश सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. लेखावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेते. मी मलावी आणि नायजरमध्ये काम केलं आहे, तेव्हा उत्तरांत हे देश येतच राहतील.

मॅडम, मी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गरीब देशांतल्या आजारांवर नवी औषधं शोधायला कुणी पैसे घालत नाही, म्हणून तिथली मुलं मरतात, असं आम्ही मित्र बोलतो. हे खरं आहे का?

तुमचा राग रास्त आहे. क्षयरोगावर, मलेरियावर नवी औषधं आणि लशी हव्याच आहेत. मलेरियाच्या पहिल्या लशीची शिफारस करायला जागतिक आरोग्य संघटनेला २०२१ साल उजाडलं, यावरूनच काय ते कळतं. पण मी वॉर्डात जी मुलं दगावताना पाहिली, त्यातली बहुतेक न्यूमोनियाने, जुलाबाने, मलेरियाने किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या त्रासाने गेली. यातल्या बऱ्याच आजारांवर उपाय आहे, तो स्वस्त आहे आणि तो आपल्याला कित्येक वर्षांपासून माहीत आहे.

जुलाबाचंच घे. (तुला ‘तू’ म्हणते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस.) कॉलऱ्यातसुद्धा आतडं साखरेबरोबर मीठ शोषून घेऊ शकतं, हे १९६०च्या दशकात कळलं. १९७१च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला. म्हणजे उपाय हाती आला होता. तो घराघरात पोचायला मात्र आणखी दहा-वीस वर्षं गेली, आणि माझ्या मते तुम्ही मुलांनी अभ्यासायचा भाग तो आहे.

बांगलादेश तेव्हा जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी एक होता. तिथल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर बायका पाठवल्या. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत जाऊन त्यांनी आईसमोर बसून शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवून झाल्यावर आईच्या हातून एकदा करून घ्यायचं. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी त्यातल्या काही घरी जाऊन आईला काय आठवतं ते विचारायचं, आणि शिकवणाऱ्या बाईचा पगार त्यावर ठरायचा. किती घरं फिरलीस याला महत्त्व नव्हतं, आईच्या लक्षात किती राहिलं याला होतं. तरीही सुरुवातीला आयांना सगळं पाठ असायचं आणि मूल आजारी पडलं की पाणी मात्र फार थोड्या घरांत व्हायचं. शोध घेतला तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता भरवसा नाही आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेलंच नाही. मग शिकवणाऱ्यांना पाणी कसं काम करतं ते नीट समजावलं आणि पुरुषांच्या वेगळ्या बैठका घेतल्या. त्यानंतर वापर वाढला.

१९९० साली जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून जास्त मुलं दगावली होती. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. हा आकडा खाली आणण्यात अशा पायपिटीचा वाटा मोठा आहे, आणि उरलेल्या ४९ लाखांसाठीही तीच लागणार आहे.

नायजरमध्ये मी दंडाच्या पट्ट्या वापरल्या आहेत. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची साधी रंगीत पट्टी असते. घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा, साडेअकराच्या खाली गेला की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. हे मोजायला पूर्वी प्रशिक्षित कार्यकर्ता लागतो असं धरत. नंतर पट्टी थेट आयांच्या हाती दिली. आई रोज मुलाला अंघोळ घालते, तिला दंड बारीक झालेला आधी जाणवतो. नायजरमधल्या अभ्यासात असं दिसलं, की आयांनी आणलेली मुलं लवकरच्या टप्प्यावर येतात आणि त्यांना दवाखान्यात ठेवून घ्यायची वेळ कमी येते. बाकीच्यांना शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टची पाकिटं देऊन घरीच बरं करता येतं. असं संशोधनही कर, त्याचीही गरज आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते. गरिबांकडूनही औषधाचे, मच्छरदाणीचे थोडे तरी पैसे घ्यावेत, म्हणजे ते ती नीट वापरतील, असं मला वाटतं.

आपल्यासारखाच विचार १९८०च्या दशकात मोठमोठ्या संस्थांनी केला. १९८७ साली मालीची राजधानी बामाकोमध्ये आफ्रिकेतल्या आरोग्यमंत्र्यांनी ठरवलं, की औषधांचे पैसे लोकांकडून घ्यावेत आणि त्यातून गावातला दवाखाना चालवावा. हेतू चांगला होता. काही ठिकाणी औषधं खरोखर मिळू लागली. पण सर्वांत गरीब घरं दवाखान्यात यायचीच थांबली.

मच्छरदाणीचं तर मोजून पाहिलं गेलं आहे. पश्चिम केनियातल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या दवाखान्यांत अर्थशास्त्रज्ञांनी काही ठिकाणी मच्छरदाण्या फुकट दिल्या आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या किमती लावल्या. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेल्याबरोबर घेणाऱ्या बायकांचं प्रमाण तब्बल ६० टक्के-अंकांनी घसरलं. आणि पैसे देऊन घेणाऱ्या बायका ती जास्त वापरतात असंही दिसलं नाही, फुकट मिळालेल्यांनीही ती तितकीच वापरली. मलेरियात एकाने जाळी लावली तर शेजाऱ्याचाही धोका थोडा उतरतो, तेव्हा वाटेत किंमत उभी करणं सगळ्यांनाच महाग पडतं.

आपल्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. फुकट करायचं तर त्याची सोय आधी हवी. युगांडाने २००१मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क काढून टाकलं, गर्दी एकदम वाढली आणि औषधं लवकर संपू लागली. शुल्क काढणं हा एका सहीचा निर्णय असतो. त्यानंतर औषधाचा साठा आणि नर्सचा पगार वाढवायला अर्थखात्याच्या मागे महिनोन्‌महिने लागावं लागतं.

मी प्रसूती विभागात नर्स आहे. त्या देशांत जास्त दवाखाने बांधले तर बाळंतिणींचे मृत्यू थांबतील का?

सिस्टर, तुम्ही हे काम रोज करता, तेव्हा थेट सांगते. एकट्या इमारतीने थांबणार नाहीत.

आमच्या क्षेत्रात ‘तीन उशीर’ म्हणतात. पहिला घरात होतो: रक्त जातंय, पण दवाखान्यात न्यायचं हे कोण ठरवणार? नवरा बाहेरगावी, सासू म्हणते थांबू या. दुसरा वाटेत. तिसरा दवाखान्याच्या दारात पोचल्यावर, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच, कारण तिथे ती बाई आपल्या ताब्यात आलेली असते.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण. त्यावरचं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मलावीतल्या एका ग्रामीण केंद्रात मी फ्रिजला अडकवलेला तापमानाचा तक्ता पाहिला होता: महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाच अंश, सगळे आकडे एकाच शाईचे, एकाच हाताचे. त्याच महिन्यात तिथे कित्येक दिवस वीज नव्हती. तक्ता भरणाऱ्या नर्सला मी दोष देत नाही. ती एकटी रात्रपाळीला होती, तिच्याकडे तीन बाळंतिणी होत्या आणि जनरेटरचं डिझेल तिच्या हातात नव्हतं. पण त्या फ्रिजमधल्या औषधाचा गुण किती उरला असेल?

आता चांगली बातमी. २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं त्यात होती. बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची एक चादर घालायची. तिच्या टोकाला पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा. आपण नर्स-डॉक्टर रक्ताचा अंदाज डोळ्यांनी घेतो आणि तो नेहमी कमीच धरतो, तुम्हालाही अनुभव असेल. रेघ दिसली की अंदाजाला जागा राहत नाही. रक्त ठरलेल्या रेघेला पोचलं की गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकसण्याचं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं लगेच एकत्र सुरू करायचं, एकेक करून वाट पाहत बसायचं नाही. जिथे हे केलं, तिथे तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं.

त्या चादरीला वीज लागत नाही आणि बाई जिथे आहे तिथेच ती काम करते. तुमच्या विभागात अशी चादर नसेल तर वरिष्ठांकडे जरूर मागा.

औषध किंवा लस नसताना एखादा रोग हटवता येतो का?

येतो. नारू म्हणजे दूषित पाण्यातून अंगात शिरून पुढे जखमेतून बाहेर पडणारा कृमी. त्याचं औषध नाही, लसही नाही. १९८६ साली आफ्रिका आणि आशियात मिळून वर्षाला ३५ लाख लोकांना तो होत असे असा अंदाज आहे. आता जगभरात वर्षाला जेमतेम दहा-पंधरा रुग्ण सापडतात. पाणी फडक्यातून गाळायचं, जखम पाण्यात बुडवू द्यायची नाही आणि प्रत्येक रुग्ण शोधून काढायचा, एवढंच करायचं होतं. ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी दशकानुदशकं केलं, युद्धं चालू असतानाही.

अमेरिकेने २०२५मध्ये मदत थांबवली आणि यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था बंद केली. पण हे देश स्वतःच्या लोकांवर स्वतः खर्च का करत नाहीत? किती वर्षं दुसऱ्यांनी द्यायचं?

प्रश्न कडक आहे आणि तो आफ्रिकेतले लोकही आपल्या सरकारांना विचारतात. २००१ साली अबुजा इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकातला १५ टक्के वाटा आरोग्याला द्यायचं वचन दिलं. ते पाळणारे देश मोजकेच निघाले. याबद्दल त्या सरकारांना जाब विचारलाच पाहिजे. त्याचबरोबर हेही पाहा, की जगातली ३०० कोटींहून जास्त माणसं अशा देशांत राहतात, जिथलं सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च कर्जाच्या व्याजावर करतं.

आणि ते स्वतः काही करत नाहीत, हे मला मान्य नाही. इथिओपियाने २००३पासून दहावी झालेल्या गावातल्याच मुलींना वर्षभराचं प्रशिक्षण देऊन सरकारी पगारावर नेमलं, तीस हजारांहून जास्त. बालमृत्युदर १९९०च्या तुलनेत दोन तृतीयांशांनी घटवण्याचं उद्दिष्ट त्यांनी मुदतीआधी गाठलं. मलावीने २०११मध्ये ठरवलं, की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला रक्तातल्या पेशी न मोजता लगेच आणि आयुष्यभर औषध द्यायचं, कारण मोजायच्या प्रयोगशाळा गावात नव्हत्याच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तोच मार्ग जगाला सुचवला. निर्णय मलावीचा होता, गोळ्यांचा पैसा मात्र बराचसा बाहेरचा. म्हणून मदत टप्प्याटप्प्याने कमी करणं आणि एका फर्मानाने तोडणं यांत मी मोठा फरक करते. एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते, देशाचं नवं अंदाजपत्रक येईपर्यंत तिला थांबता येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सहा महिने सुटी काढून तिथे जाऊन काम करावं असं वाटतं. कुठे जाऊ?

सहा महिन्यांसाठी जाऊ नका. तुमची सोय लावण्यात तिथल्या माणसांचा वेळ जाईल. बहुतेक गरीब देशांची आरोग्य मंत्रालयं आपली आकडेवारी ‘डीएचआयएस-टू’ नावाच्या मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) संगणक प्रणालीवर ठेवतात. तिची देखभाल ऑस्लो विद्यापीठातून होते आणि तिच्यावर कुणालाही काम करता येतं. तिथल्या चर्चा महिनाभर नुसत्या वाचा. जिल्ह्याच्या गोदामात कुठलं औषध संपत आलंय हे वेळेत कळत नाही, अशा तक्रारी दिसतील. त्यातली एक उचला आणि ती सुटेपर्यंत सोडू नका. फ्रेंच किंवा पोर्तुगीज येत असेल तर मला पुन्हा पत्र लिहा, त्या भाषांत काम करणारी माणसं फार कमी मिळतात.